अंत्यकालीन शुश्रूषा, रुग्णालयातील

मृत्यू अटळ असलेल्या रुग्णाच्या वेदना, धाप व तगमग शमवणे, आणि ज्यांचा आता उपयोग नाही असे कृत्रिम उपाय सुरू न करणे किंवा थांबवणे. ही शुश्रूषा हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहात, रुळली. भारतातले पहिले हॉस्पिस, ‘शांती आवेदना सदन’, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. पण अनेक रुग्णांची अखेर कॅज्युअल्टीत किंवा आयसीयूत होते, आणि या जागांची सारी घडण नेमकी उलट्या हेतूने झालेली आहे.

हृदय थांबले की छाती दाबायची, घशात नळी घालायची. विचाराला मिनिटेही नसतात. रुग्णाला बोलता येत नाही, जुनी फाईल घरी राहिलेली असते आणि थोरला मुलगा अजून गाडीत असतो. कर्करोग सर्वत्र पसरलेल्या वृद्धाच्या बरगड्या सीपीआरमध्ये (हृदय चालू करण्यासाठी छाती दाबताना) मोडतात, तेव्हा त्याच्या आजाराची कल्पना तिथल्या डॉक्टरला अनेकदा नसतेच. चित्र स्पष्ट नसेल तेव्हा व्हेंटिलेटर ठरावीक मुदतीपुरता लावून दोन-तीन दिवसांनी फेरविचार करणे, हा मार्ग योग्य. मात्र ती मुदत नातेवाइकांना आधीच सांगावी लागते.

प्रत्यक्ष काळजी साधी असते. धापेवर मॉर्फिनची लहान मात्रा देतात. तिने मरण लवकर येते ही भीती, मात्रा नीट मोजून दिल्यास, निराधार आहे. घशात साचलेल्या स्रावामुळे घरघर लागते. रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही, ऐकणाऱ्यांना मात्र ती असह्य होते. कुशीवर वळवल्याने व स्राव कमी करणाऱ्या इंजेक्शनाने ती उतरते. मॉनिटरचा आवाज व रोजच्या रक्ततपासण्या बंद करतात, ओठ ओले ठेवतात. पडदा ओढून दोन खुर्च्या दिल्या तर तुळशीपत्र आणि पाणीही तिथेच देता येते.

कायद्याची वाट मुंबईच्या केईएम रुग्णालयातून गेली. १९७३ च्या हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग तिथेच अचेत अवस्थेत राहिल्या. त्यांचे अन्न थांबवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. वर्षानुवर्षे त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा त्याला विरोध होता. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपाय काढून घेण्याला मात्र प्रथमच मान्यता दिली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला आणि इच्छापत्राला (लिव्हिंग विल, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे) आधार मिळाला. पण त्याची प्रक्रिया इतकी जाचक होती की ती कागदावरच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये ती सुटसुटीत झाली: दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे, उपचार थांबवण्यासाठी रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. प्राणघातक इंजेक्शन देणे आजही गुन्हाच आहे. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले.

कॅज्युअल्टीत ४८ तास कुणाकडे नसतात. त्यामुळे जुनीच वाट चालू राहते: ‘आता काही होण्यासारखं नाही, घरी न्या’ असे सांगितले जाते, कागदावर ‘डामा’, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध सुटी, असा शेरा पडतो. सल्ला मात्र डॉक्टरांचाच असतो. अॅम्ब्युलन्समधला ऑक्सिजन दारापर्यंत पुरतो; मॉर्फिनची चिठ्ठी बहुधा सोबत दिलेली नसते.