निळं रक्त आणि त्यातला कामाचा भाग

हॉर्सशू क्रॅब या घोड्याच्या नालेसारख्या कवचाच्या समुद्री प्राण्याच्या रक्ताचा व्हिडिओ दर काही महिन्यांनी पुन्हा फिरायला लागतो. ओळीने अडकवलेले प्राणी, खाली काचेच्या बाटल्या, बाटल्यांत फिकट निळं रक्त आणि वर लिटरमागे लाखो रुपयांचा आकडा. सोबत ठरलेलं वाक्य: यापासून जीवरक्षक औषध बनतं. हे चूक आहे. या रक्तापासून बनते ती औषधं तपासायची एक चाचणी. आणि ज्या निळ्या रंगाचं एवढं कौतुक होतं, तो भाग चाचणीच्या कामाचाच नाही.

निळा रंग हिमोसायनिनचा, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाचा. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं, यात तांबं. ऑक्सिजन धरला की निळं, सोडला की जवळजवळ रंगहीन. आपण घरी सोलतो त्या कोळंबीच्या रक्तातही हिमोसायनिनच असतं. हॉर्सशू क्रॅबच्या रक्तातली खरी मोलाची वस्तू म्हणजे त्यात तरंगणाऱ्या पेशी, अमीबोसाइट. (नावात क्रॅब असलं तरी हा खेकडा नव्हे, कोळी आणि विंचू त्याचे जवळचे नातलग.)

या पेशींची गरज का पडते? ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे चरबी आणि साखरेचा जोडरेणू, असतं. जिवाणू फुटला की ते सुटं होतं. हेच एन्डोटॉक्सिन. सलाइन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, १२१ अंश सेल्सिअसला ठेवलं की जिवाणू मरतात, पण एन्डोटॉक्सिन टिकून राहतं. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीत जिवाणू अडकतात, हे पार निघून जातं. ते शिरेत गेलं की हुडहुडी भरते, ताप चढतो. प्रमाण जास्त असेल तर रक्तदाब कोसळतो. म्हणजे बाटली पूर्ण निर्जंतुक असूनही घातक असू शकते. पूर्वी याची तपासणी सशांवर व्हायची. कानाच्या शिरेत नमुना टोचायचा आणि तीन तास त्यांचं तापमान मोजत बसायचं.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल इथं संशोधक फ्रेडरिक बँग यांना दिसलं, की हॉर्सशू क्रॅबला समुद्री जिवाणू टोचले तर त्याचं रक्त शरीरातच गोठतं. उष्णतेने मारलेले जिवाणू टोचले तरी तेच. पुढे जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की हे घडवतं एन्डोटॉक्सिन आणि गोठण्याची सगळी सामग्री असते अमीबोसाइटमध्ये.

हे गोठणं सावकाश बघण्यासारखं आहे. अमीबोसाइट बारीक कणिकांनी ठासून भरलेली असते. एन्डोटॉक्सिन लागलं की कणिका आतला माल बाहेर ओततात. त्यात फॅक्टर सी नावाचं निद्रिस्त एन्झाइम असतं. एन्डोटॉक्सिन चिकटलं की ते जागं होतं आणि फॅक्टर बीला कापून जागं करतं. फॅक्टर बी त्यापुढच्या एन्झाइमला. प्रत्येक जागा झालेला रेणू पुढचे कितीतरी रेणू कापतो, त्यामुळे इशारा पायरीपायरीने वाढत जातो. शेवटचं एन्झाइम कोअॅग्युलोजेनवर, म्हणजे ज्याची गुठळी बनते त्या प्रथिनावर, येतं. ही १७५ अमिनो आम्लांची साखळी. ती दोन ठिकाणी कापली जाते आणि मधला २८ अमिनो आम्लांचा तुकडा गळून पडतो. उरलेले दोन तुकडे गंधकाच्या बंधांनी एकत्रच राहतात, पण झाकलेली एक जलविरोधी (पाणी टाळणारी) खोबण आता उघडी पडते. शेजारच्या रेणूची तशीच जलविरोधी कड तिच्यात बसते, त्याच्यामागे तिसरा, आणि जेल तयार. आपल्यासारखी प्रतिपिंडं नसलेला हा प्राणी जखमेपाशीच जिवाणूंना या जेलमध्ये चिणून टाकतो.

चाचणीचं द्रव्य बनवताना कवचाच्या सांध्यातून सुई घालून साधारण ३० टक्के रक्त काढतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की पेशी तळाशी बसतात आणि निळा द्रव वर राहतो. तो ओतून टाकतात. पेशी मिठाच्या पाण्याने धुऊन एन्डोटॉक्सिनमुक्त शुद्ध पाण्यात सोडल्या की पाणी शोषून फुटतात. हा अर्क म्हणजे लिम्युलस अमीबोसाइट लायसेट, थोडक्यात एलएएल. शीतशुष्क करून, म्हणजे गोठवून सुकवून, तो कुप्यांत भरतात.

चाचणी दिसायला अगदी साधी. १० × ७५ मिलिमीटरच्या काचनळीत ०.१ मिलिलिटर नमुना आणि तेवढाच लायसेट घालायचा, ३७ अंशांना ६० मिनिटं ठेवायचं आणि नळी सावकाश पूर्ण उलटी करायची. गुठळी जागच्या जागी राहिली तर एन्डोटॉक्सिन आहे; घसरली किंवा फुटली तर निकाल नकारात्मक. मधेच नळी उचलून पाहिली किंवा जवळच्या यंत्राचा कंप पोचला, तर कच्ची गुठळी मोडते आणि दूषित औषध पास होतं. काचसामान २५० अंश कोरड्या उष्णतेत निदान ३० मिनिटं तापवलेलं नसेल, तर काचेवरचंच एन्डोटॉक्सिन निकाल बिघडवतं. मिश्रणाचा पीएच ६ ते ८ मध्ये हवा. कापसाच्या किंवा सेल्युलोजच्या गाळणीतून आलेलं बीटा-ग्लुकान, म्हणजे साखरेच्या रेणूंची साखळी, फॅक्टर जी नावाच्या दुसऱ्याच दाराने हीच साखळी चालू करतं आणि खोटा होकार देतं. उलट, काही औषधं गुठळीच होऊ देत नाहीत. म्हणून एका नळीत नमुन्यात मुद्दाम ठरावीक एन्डोटॉक्सिन घालतात. तिथं गुठळी झाली नाही तर नमुना पातळ करून पुन्हा सुरुवात. संवेदनशील लायसेट मिलिलिटरला ०.०३ एन्डोटॉक्सिन एकक पकडतो, म्हणजे जवळपास ३ पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इंजेक्शनच्या पाण्याला मर्यादा आहे मिलिलिटरला ०.२५ एककांची.

भारतात हे प्राणी ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आढळतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर त्यांच्या शेपटीचं टोक अंगावर बांधलं की दुखणं थांबतं, अशी समजूत आहे. शेपटीत वेदनाशामक काहीही नाही. प्राणी मात्र हकनाक मरतो.

रक्त काढून समुद्रात सोडलेल्यांपैकीही काही मरतात. त्यावरचा मार्ग सिंगापूरमध्ये डिंग जिआक लिंग आणि हो बाऊ या संशोधकांनी काढला. फॅक्टर सीचं जनुक वेगळं करून त्यांनी ते प्रथिन प्राण्याविना बनवलं. यात फॅक्टर जी नाहीच, त्यामुळे बीटा-ग्लुकानचा घोळ मिटतो. २०२१ पासून युरोपीय औषधसंहितेत, म्हणजे औषधांच्या मानकांच्या ग्रंथात, या पद्धतीला स्वतंत्र प्रकरण आहे. यात गुठळी होत नाही. जागं झालेलं फॅक्टर सी एका कृत्रिम रेणूला कापतं आणि सुटा झालेला तुकडा चमकतो. ती चमक मोजायला फ्लुओरोमीटर लागतो. गुठळीच्या चाचणीला ३७ अंश धरून ठेवणारं पात्र आणि स्थिर हात पुरतो, त्यामुळे लहान प्रयोगशाळांत अजून तीच चालते.