केबलचे शिल्डिंग, पेटंट आणि ‘उघड’ सुधारणेचा वाद

केबलच्या शिल्डिंगसाठी, म्हणजे बाहेरचा विद्युत हस्तक्षेप रोखणाऱ्या धातूच्या आवरणासाठी, केलेल्या पेटंट अर्जात सामग्री बहुधा जुनीच असते: अ‍ॅल्युमिनियमचा फॉइल, तांब्याच्या तारांची जाळी, फॉइलला लागून धावणारी ड्रेन वायर (फॉइलला अर्थिंगशी जोडणारी उघडी तार). त्यामुळे वाद उरतो तो ही जुळणी त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड, म्हणजे सहज सुचण्याजोगी, होती का, एवढाच; तशी असेल तर पेटंट मिळत नाही.

अमेरिकेत या कसोटीचे मूळ 1851 च्या निकालात आहे. दाराची मूठ लाकूड वा धातूऐवजी चिनीमातीची केली म्हणून पेटंट मिळत नाही, असे त्यात ठरले. 1952 च्या कायद्याने कसोटी शब्दबद्ध केली. जुने घटक एकत्र करण्याची सूचना जुन्या दस्तऐवजांतच शोधण्याचा ताठर आग्रह 2007 च्या निकालाने सैल केला आणि जाणकाराच्या व्यवहारज्ञानाला जागा दिली.

त्या पार्श्वभूमीवर 2015 चा एक अपील निकाल बारकाईने वाचायला हवा. त्यातला विषय डेटा केबल बनवण्याच्या पद्धतीचा होता, शिल्डिंगचा नव्हता. पण युक्तिवाद तोच लागू पडतो. जाणकाराला जुने घटक एकत्र करता आले असते एवढ्याने भागत नाही, तसे करण्याची प्रेरणा त्याला झाली असती हेही दिसले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पेटंटधारकांच्या बाजूने हे विधान वारंवार उद्धृत होते. मात्र पेटंट कार्यालयाच्या मंडळाने टिकवलेले पेटंटातले दोन दावेही (संरक्षण मागणारी कलमे) त्याच निकालात उघड ठरले, आणि पूर्वज्ञानाचा (अर्जाआधीच ज्ञात असलेल्या तंत्राचा) दस्तऐवज वाचायला प्रत्येक वेळी तज्ज्ञाची साक्ष लागतेच असे नाही, असेही न्यायालयाने सांगितले. निकालाची ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

शिल्डिंगमध्ये या कसोटीचा कस खंडित फॉइलच्या उदाहरणात लागतो. सलग फॉइल दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडला की शिल्डमधूनच नको असलेला प्रवाह वाहू शकतो. फॉइलचे तुकडे करून मध्ये फटी ठेवल्या की तो मार्ग तुटतो. पण शिल्डला फट म्हणजे गळती, हीच या क्षेत्रातली जुनी शिकवण. शिवाय तुकडे समान लांबीचे असतील तर ठरावीक फ्रीक्वेन्सीला सिग्नल परावर्तित होतो, म्हणून लांब्या कमीजास्त ठेवाव्या लागतात. उत्तर हाती आल्यावर हे सारे सोपे वाटते, आणि माझ्या मते अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाची सर्वाधिक चूक होते ती इथेच.

भारतात 1978 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शोधाची माहिती नसलेला, पण समस्या समोर असलेला सक्षम कारागीर किंवा अभियंता हा मापदंड दिला. 2005 च्या पेटंट कायद्याच्या दुरुस्तीने या कसोटीच्या व्याख्येत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, अशी भर घातली. तरी शोध जाणकाराला उघड नसावा ही अट कायम राहिली. 2022 मध्ये एका उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अर्ज फेटाळताना पूर्वज्ञान, अर्जातला शोध आणि पहिल्यावरून दुसरा कसा उघड होतो, या तिन्हींची चर्चा आदेशात असली पाहिजे. ही अपेक्षा योग्यच आहे. फॉइल जुना आणि फट जुनी एवढे लिहून न थांबता, फटीने गळती वाढेल असे मानणारा अभियंता त्या काळी फॉइल कापायला का धजावला असता, हे परीक्षकाला आदेशात मांडावे लागेल.