कुंडीतलं पाणी आणि चेरी टोमॅटो

कुंडी भरताना तळाशी विटांचे तुकडे, खडी किंवा खापऱ्यांचा जाड थर द्यायचा, म्हणजे निचरा चांगला होतो, असं आपल्याकडे कुणीही कुणालाही सांगतं. नर्सरीतले माळीदादा सांगतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या काकू सांगतात. गॅलरीत पहिल्यांदाच चेरी टोमॅटो लावणाऱ्याने सगळ्यांत आधी हा सल्ला बाजूला ठेवावा. माझ्या पाहण्यात तरी कुंडीतली टोमॅटोची रोपं तहानेने कमी आणि बुडून जास्त मरतात.

भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात चिंब भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल, मग थेंब थांबतील. आता न पिळता तो उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, बदलली ती फक्त उंची. मातीचंही असंच आहे. तिच्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात, गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं, आणि या ओढाताणीत तळाचा काही सेंटीमीटरचा थर चिंबच राहतो. शेतात माती खाली सलग असते, त्यामुळे खालची कोरडी माती वरचं पाणी ओढून घेते. कुंडीत माती एकदम संपते. खाली भोक असलं तरी बारीक पोकळीतलं पाणी आपणहून मोकळ्या हवेत उतरत नाही, आणि विटांच्या तुकड्यांमधल्या मोठ्या फटी म्हणजे त्याच्या लेखी मोकळी हवाच. म्हणून ३० सेंटीमीटर उंच कुंडीत ५ सेंटीमीटर तुकडे भरले, तर चिंब थर जात नाही, तो ५ सेंटीमीटर वर सरकतो. मुळांना तेवढी जागा कमी. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी उपडी ठेवा. बास.

हा थर किती जाड होणार ते मातीच्या पोतावर ठरतं. कण जितके बारीक तितकी पाण्यावरची पकड घट्ट. आपल्या देशावरची काळी माती नेमकी इथे गोत्यात आणते. शेतात जो तिचा गुण, पाणी धरून ठेवायचा, तोच कुंडीत दोष ठरतो. कोकोपीट, गांडूळखत आणि लाल माती सारख्या प्रमाणात घ्या, मूठभर निंबोळी पेंड टाका, भाताचं तूस मिळालं तर उत्तमच. भांडं उथळ नको, खोल हवं. रंगाची २० लिटरची रिकामी बादली धुऊन तिच्या तळाला भोकं पाडली, तर महागड्या सिरॅमिक कुंडीपेक्षा टोमॅटोला ती जास्त मानवते.

पाण्यात बुडालेली मुळं गुदमरतात. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पाण्यात पसरतो. प्राणवायू न मिळालेली मुळं एक रसायन तयार करून वर पाठवतात, पानांत त्यापासून इथिलीन हा वायू तयार होतो, आणि पानांचे देठ खाली झुकतात. शास्त्रज्ञांनी या प्रकाराचा अभ्यास प्रामुख्याने टोमॅटोवरच केला आहे. नवशिक्याला दिसतं ते एवढंच, की पानं खाली पडली. तो आणखी तांब्याभर पाणी घालतो! फरक ओळखता येतो. तहानलेल्या रोपाचं पान स्वतः मऊ, लुळं पडलेलं असतं. बुडालेल्या रोपाचं पान बऱ्याचदा हाताला ताठच लागतं, देठ मात्र खोडापासून खाली वळलेला असतो. शंका आली की मातीत बोट दोन पेरं खुपसायचं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं.

आता वाण. साध्या चेरी टोमॅटोचा वेल थांबायचं नाव घेत नाही. तीन पानं, एक फुलांचा घोस, पुन्हा तीन पानं, पुन्हा घोस, असं करत तो छताला टेकतो. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका शेतात टोमॅटोच्या एका झाडात आपोआप झालेला बदल सापडला. ते झाड काही घोस देऊन वाढ आवरतं घेत होतं. आजचे बहुतेक झुडुपी टोमॅटो त्याच एका जनुकाच्या बिघाडावर उभे आहेत. फ्लोरिडा विद्यापीठातून १९८९ मध्ये आलेला ‘मायक्रो-टॉम’ तर जेमतेम वीतभर उंचीचा. खिडकीत शोभेला म्हणून तयार केला होता, आता जगभरच्या प्रयोगशाळांत टोमॅटोच्या अभ्यासाचं ते लाडकं झाड आहे. पाकिटावरचं लालभडक चित्र पाहून बी घेऊ नका, उंची वाचा. पहिल्या खेपेला ठेंगणं वाणच बरं, त्याला दोन-तीन लिटरची कुंडीही चालते. लांब वेलाच्या वाणाला मात्र १५ ते २० लिटर माती आणि बांधायला काठी लागणारच. आणि निळे, चॉकलेटी टोमॅटो विकणाऱ्या ऑनलाइन पाकिटांच्या नादी लागूच नका.

बी पेरायला ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. महिन्याभराने रोप मोठ्या कुंडीत लावताना खालची पानं खुडून खोडाचा बराच भाग मातीत गाडा, कारण टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. जागा दक्षिणेकडची असेल तर नशीबवान आहात. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या गॅलरीत ऊन येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो, की दुपारी क्षितिजापासून ४८ अंशांवरच राहतो आणि ऊन थेट कठड्याच्या आत येतं. टोमॅटोला सहा तास ऊन आणि थंड रात्री हव्या असतात, त्या याच दिवसांत.

फुलं येतात, पण फळ धरत नाही, ही तक्रार उंच मजल्यांवरून जास्त ऐकू येते. टोमॅटोचं फूल जवळून पाहा. पिवळे परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची टोकदार नळी झालेली असते आणि परागकण आतल्या बाजूला सुटतात. फूल हलल्याशिवाय ते बाहेर पडत नाहीत. आपल्या मधमाशीला हे जमत नाही. काळा भुंगा किंवा पोटावर निळसर पट्टे असलेली एकांडी माशी फुलाला घट्ट धरून, पंख न फडकवता नुसते स्नायू थरथरवते, की पराग भुरभुर खाली पडतात. दहाव्या मजल्यावर त्यांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास घोसाच्या देठाला बोटाने टिचक्या मारा. फूल स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे एक झाडही पुरतं.

फळाचा बूड काळा पडून खोलगट झाला, की लोक अंड्याची टरफलं मातीत कोंबतात. कमतरता कॅल्शियमचीच असते, पण ती फळात, मातीत असेलच असं नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं आणि जिथून बाष्पीभवन जास्त तिथे जातं, म्हणजे पानांकडे. गुळगुळीत सालीच्या फळाच्या वाट्याला थोडंच येतं. त्यात आपण दोन दिवस पाणी विसरलो, की तेवढंही तुटतं. इलाज टरफलं नाहीत, नियमित पाणी. टपोऱ्या टोमॅटोच्या मानाने चेरी टोमॅटोला हा त्रास क्वचितच होतो. त्याचा त्रास वेगळा, कोरड्या मातीवर एकदम भरपूर पाणी पडलं की साल तडकते.

पानं चुरगळून, आखडून वाढ खुंटली तर तो पर्णगुच्छ, पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. त्यावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, शेजारच्या मिरचीचा जीव तरी वाचेल.

मार्च सरता सरता पुण्यात दुपारचा पारा पस्तिशी ओलांडतो, मुंबईत रात्रीही गार होत नाही. मग फुलं गळायला लागतात. पराग तयार होतो तो फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधी, म्हणून आज गळालेल्या फुलाचा दोष बहुधा गेल्या आठवड्यातल्या उकाड्याकडे जातो. ३० अंशांच्या वर लाल रंगाचं लायकोपीनही नीट तयार होत नाही, फळं केशरीच राहतात. तेव्हा रंग फिरायला लागलेली फळं खुडून घरात, फ्रिजबाहेर पिकवा आणि झाड काढून टाका. त्या मातीत लगेच वांगी-मिरची नको, ती टोमॅटोच्याच कुळातली. थोडं शेणखत मिसळून गवार लावा, उन्हाळा तिला चांगला सोसतो.