मे महिन्यातलं उबवणं

मे महिन्यात उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला पक्षी बघायला फारसं कोणी जात नाही. रोहित (फ्लेमिंगो) बहुतेक निघून गेलेले असतात, पट्टकदंब हे हंस हिमालयापलीकडे पोचलेले असतात, आणि कुंभारगावचे नावाडी होड्या काठाला ओढून सावलीला बसलेले असतात. “दादा, आता काय बघायचंय इथं?” असं विचारतात, ते बरोबरच आहे म्हणा. पण पाहुणे गेल्यावरच घरच्यांचा संसार सुरू होतो.

उजनी धरण 1980 साली पुरं झालं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्याचं पाणी मागे सरतं आणि भीमेचा बुडालेला काठ पुन्हा उघडा पडतो. वर्तमानपत्रात ‘उजनी उणेमध्ये’ असा मथळा येतो, म्हणजे धरणातला वापरण्याजोगा साठा संपला. शेतकरी उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर करतात. जिथं नांगर पोचत नाही, अशा खडकाळ उंचवट्यांवर आणि बेटांवर टिटवी, शेकाट्या, कंठेरी चिखल्या, छोटा आर्ली आणि नदी सुरय हे पाणकाठचे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणावं असं त्यात फारसं काही नसतं. टिटवीचं तर छातीनं दाबून केलेला एक उथळ खळगा, भोवती चार खडे, कधी शेळीच्या लेंड्या, एवढंच.

अंडी बहुधा चार. एका बाजूला निमुळती, आणि निमुळती टोकं आत वळवलेली, कापलेल्या पेरूच्या चार फोडी पुन्हा जुळवून ठेवाव्यात तशी. या रचनेमुळे मोठ्या आकाराची चार अंडी एका छोट्या पक्ष्याच्या पोटाखाली मावतात. अंडं मोठं असायला कारण आहे. चिमणीचं पिल्लू उघडंनागडं आणि आंधळं जन्मतं, टिटवीचं मात्र पिसं अंगावर घेऊन, डोळे उघडे ठेवून येतं आणि काही तासांत धावू लागतं. त्याला कोणी भरवत नाही. आईबाप फक्त राखण करतात. एवढी तयारी अंड्यातच व्हायची, तर शिदोरीही तेवढी हवी.

आता उन्हाचं. आपण ‘अंडी उबवणं’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर ऊब देणारी कोंबडी येते. अंड्यातल्या जिवाला साधारण 36 ते 38 अंश तापमान मानवतं. चाळिशीच्या वर फार वेळ गेला तर तो दगावतो. मे महिन्यात दुपारी उघड्या जमिनीवर हात ठेवून बघा (मी ठेवला होता, लगेच उचलला). हवा 40 अंश असली तरी तापलेला दगड 50 च्या पुढे सहज जातो. म्हणजे दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, त्यांना गार ठेवायला. कित्येकदा ती बसतही नाही, नुसती पंख सैल सोडून अंड्यांवर उभी राहते, छत्रीसारखी.

तेवढ्यानं भागलं नाही तर ती पाण्याकडे जाते. काठाच्या उथळ पाण्यात पोट बुडवते, पिसं नीट भिजू देते आणि परत येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर टेकते. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, माठातलं पाणी ज्या न्यायानं गार होतं तोच हा न्याय. शेकाट्या आणि चिखल्याही असंच करतात. जीवशास्त्रज्ञ सुरेश जयकर आणि हेलन स्पर्वे यांनी 1960च्या दशकात माळटिटवीच्या (टिटवीचीच एक जात) विणीचा बारकाईनं अभ्यास केला, तोही नेमका याच प्रश्नामागे: हा पक्षी कोरड्या ऋतूतच वीण का करतो?

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. पहिल्याच उन्हाळ्यात मी एका खळग्यापासून दहा पावलांवर कॅमेरा लावून बसलो होतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, मग पंख मोडल्याचं सोंग करून फरफटत लांब निघाली. मला वाटलं, काय झकास फोटो! पंधरा मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ चार अंडी उघड्या उन्हात होती, ही गोष्ट डोक्यात यायला मला पुढची दोन वर्षं लागली. टिटवी ओरडायला लागली की अपशकुन मानून आपली आजी घरात जायची. कारण चूक असलं तरी वागणं पक्ष्याच्या सोयीचंच होतं.

मग इतका त्रास असताना मेच का? एक तर जागा तेव्हाच मिळते. उघड्या माळावर कुत्रं, मुंगूस लांबूनच दिसतं. शिवाय हिशेब लावून पाहा: टिटवीची अंडी फुटायला साधारण चार आठवडे लागतात. मेच्या मध्याला घातलेली अंडी जूनच्या मध्याला फुटतात, म्हणजे पुण्याकडे पावसानं सुरुवात केलेली असते आणि किडे वर आलेले असतात.

घोटाळा होतो तो उशिरा बसलेल्यांचा. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की पुणे शहरात बुडणाऱ्या भिडे पुलाची आणि नदीपात्रातल्या गाड्यांची काळजी सुरू होते. तेच पाणी पुढं लोणी काळभोरच्या अलीकडे कवडी पाटाचा बंधारा ओलांडून भीमेला मिळतं आणि उजनीत भरतं. बेटं एकेक करून जातात. पळता येणारी पिल्लं निसटतात, अंडी बुडतात. शेकाट्या मात्र सहजी हार मानत नाही. पाणी चढू लागलं की काटक्या, शेवाळ, जे चोचीला येईल ते अंड्यांखाली सरकवत घरटं उंच करत जातो. कवडीला एकदा जुलैमध्ये अशी एक जोडी पाहिली. एक बसलेला, दुसरा मागून गवत आणून टाकत होता, आणि पाणी त्यांच्या ढिगाऱ्याच्या कडेला लागलेलं होतं. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ढिगारा दिसला नाही. जोडी तिथंच, थोडी वरच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात चरत होती.