वारीहून आल्यावर आठ दिवस खाट धरावी का?

कौंडण्यपूर, शेगावकडून पायी पंढरपूर करून आलेल्याला गावात हमखास सांगतात: आता आठ दिवस पाय खाली ठेवू नको. हा सल्ला चुकीचा आहे. रोजचं चालणं एकदम थांबलं की पोटऱ्या आखडतात, घोट्यांवरची सूज रेंगाळते. पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ १५-२० मिनिटं सावकाश चालावं. झोपताना पायाखाली दोन उशा घ्याव्या.

फोडाला चुना तर लावूच नये, तो कातडी जाळतो. फोड न फोडता साबणपाण्यानं धुऊन, कोरडा करून स्वच्छ कापड बांधावं. शुगरवाल्यानं गरम पाण्यात पाय बुडवू नये. बधिर पायाला चटका कळत नाही.

खरी अडचण वावराची. परतावं तर डवरणी-निंदण अंगावर आलेलं असतं! पण जखम भरेपर्यंत अनवाणी चिखलात उतरू नये, भेगांतून जंतू शिरतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आरोग्य केंद्रात सांगावं. एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर ती चोळू नये. रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.