बॅकगॅमनमधील सोंगटीची चाल

बॅकगॅमन हा दोघांचा फासे-सोंगट्यांचा खेळ. पटावर २४ त्रिकोणी घरे, प्रत्येकाकडे १५ सोंगट्या आणि दोन फासे. पडलेल्या दानात बसणाऱ्या अनेक चालींतून एक निवडणे, एवढाच या नोंदीचा विषय. डाव दुप्पट करण्याच्या ठोकळ्याचा निर्णय वेगळा.

कोल्हापुरात ‘पट’ म्हटले की आधी खासबागच्या कुस्ती मैदानातला एकेरी-दुहेरी पट (पाय धरून पाडण्याचा डाव) डोळ्यांपुढे येतो, खेळाचा पट मागाहून. लुडोवरून इकडे वळलेल्याला पहिली अडचण सुरक्षिततेची येते. लुडोत ताऱ्याचे घर आधीच छापलेले असते. इथे घर सुरक्षित होते ते आपल्या दोन सोंगट्या एकत्र बसल्यावरच. एकटी सोंगटी मारली गेली की पटाच्या मधल्या दांडीवर जाते आणि प्रतिस्पर्ध्याच्या होम बोर्डातून (त्याच्या शेवटच्या सहा घरांतून) पुन्हा आत यावे लागते.

अवघड स्थितीत आधी निदान तीन चाली नजरेसमोर मांडाव्यात. पहिली बरी चाल दिसली की हात पुढे जातो. बहुतेक चुका तिथेच होतात. मग प्रत्येक चालीनंतर आपली एकटी सोंगटी किती दानांनी मारली जाईल ते मोजावे. दोन फाशांची दाने ३६ (सहा-चार आणि चार-सहा वेगळी धरून). मध्ये अडथळा नसेल तर एका घराच्या अंतरावर ११ दाने मारतात, चार घरांवर १५, सहा घरांवर १७. सात घरांवर एकदम ६ आणि अकरा घरांवर फक्त २. म्हणून सोंगटी उघडी ठेवावीच लागली तर ती अगदी चिकटून तरी ठेवावी, नाहीतर सहाच्या पलीकडे. दोन्ही फाशांची बेरीज करून मारणाऱ्या दानांत मात्र घोटाळा होतो. पाच-दोन या दानाने सात घरे जाताना मधला थांबा पाचावर किंवा दोनावर, कुठेही चालतो. दोन्ही थांबे बंद असतील तरच ते दान वाया जाते. एक बंद दिसला म्हणून दान वगळणे ही नेहमीची चूक.

डावाच्या सुरुवातीला दोन-एक पडले असे समजा. १३ वरून ११ वर (घरे आपल्या होम बोर्डापासून १ ते २४ मोजतात) एक सोंगटी आणावी, हे बहुतेकांना मान्य. एकाचे काय? ६ वरून ५ वर सोंगटी उघडी ठेवली तर चाराच्या अंतरावरून ३६ पैकी १५ दानांनी ती मरते आणि २० पावलांचे नुकसान होते. न मेली तर पुढच्या दानात ती झाकून पाचवे घर बांधता येते, आणि त्या घराचे मोल मोठे. दुसरा पर्याय म्हणजे मागची सोंगटी २४ वरून २३ वर सरकवणे. सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याच्या होम बोर्डात एकच घर बांधलेले असते, त्यामुळे मारली गेलेली सोंगटी फक्त सहा-सहा पडल्यासच अडकते. धोका पेलण्यासारखा असतो. त्याने चार घरे बांधल्यावर हेच धाडस केले तर आत न येणारी दाने १६ होतात, पाच बांधल्यावर २५. दुहेरी पटात घुसताना समोरच्याची पकड पाहावी लागते, तसेच हे.

पॉल मॅग्रीलने १९७० च्या दशकात धाडस की सावधगिरी हे ठरवण्याच्या कसोट्या मांडल्या, त्यांत प्रतिस्पर्ध्याने होम बोर्डात किती घरे बांधली ही मुख्य. आणखी एक: प्रतिस्पर्ध्याच्या होम बोर्डात आपले पक्के घर असेल तर धाडस करावे. बरोबरीच्या दोन चालींत ज्या चालीने प्रतिस्पर्ध्याची चांगली दाने एकाच आकड्यावर जमतात ती घ्यावी: त्याला मारायलाही चार हवा आणि घर बांधायलाही चारच हवा.

१९९० च्या दशकात आयबीएममधील जेराल्ड टेसॉरोच्या टीडी-गॅमन या प्रोग्रॅमने जुनी मते हलवली. चार-एक आणि पाच-एक या सुरुवातीच्या दानांत ६ वरून ५ ची चाल तेव्हा रूढ होती. आज तिथे २४ वरून २३ सरस मानतात. दोन-एकमध्ये दोन्ही पर्याय जवळपास सारखे. मोफत मिळणाऱ्या जीएनयू बॅकगॅमनवर एकाच स्थितीतून १२९६ डाव आपोआप खेळवून दोन चालींची तुलना करता येते. पट घरी नसेल तर पुठ्ठ्यावर २४ त्रिकोण आखावेत आणि कॅरमचे दोन संच एकत्र करावेत. पांढऱ्या १५, काळ्या १५ सहज निघतात.