मोटर बॉडीत की लेन्समध्ये? स्वस्त लेन्सच्या घोळाची पार्श्वभूमी

हौस म्हणून डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) घेणाऱ्याला सगळे एकच सांगतात, बॉडी स्वस्तातली घे आणि पैसे लेन्सवर घाल. सल्ला चांगलाच आहे. फक्त बॉडी कुठली घेतली त्यावर स्वस्त लेन्सपैकी कुठली नीट चालणार आणि कुठली नुसती अडकून बसणार हे ठरतं, आणि ते तसं का ठरतं हे कळायला डिजिटलच्याही मागे, १९८५ ते ८७ च्या सुमाराला जावं लागतं. ऍपर्चर, शटर, आयएसओ यांची उजळणी इथे करत नाही.

त्याच्याही आधीचं दोन ओळीत उरकू. ३६ बाय २४ मिलिमीटरची फ्रेम १९२५ पासून लायकामुळे रुळली, निकॉनचं एफ माउंट (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स अडकते ती कडी) १९५९ मध्ये आलं, पेंटॅक्सचं के माउंट १९७५ मध्ये. फोकस हातानं करायचा, त्यामुळे माउंटचं काम म्हणजे लेन्स घट्ट धरणं आणि ऍपर्चर उघडबंद करायला एखादी दांडी पुढे सरकवणं, बस.

भानगड ऑटोफोकसपासून सुरू झाली. काच पुढेमागे सरकवायची तर मोटर पाहिजे, मग ती ठेवायची कुठे? पहिले प्रयोग लेन्समध्येच झाले. १९८१ च्या पेंटॅक्स एमई-एफला मोटर पोटात असलेली एक जाडजूड ३५-७० झूम होती, आणि निकॉननंसुद्धा १९८३ च्या एफ३एएफसाठी मोटरवाल्याच लेन्स काढल्या होत्या (हे निकॉनवाल्यांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही). पण १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि त्यानं मोटर बॉडीत घातली. एक मोटर बॉडीत, तिचं स्क्रू ड्रायव्हरसारखं टोक माउंटमधून डोकावतं, ते लेन्सच्या खाचेत बसतं आणि फिरवतं. लेन्स हलकी झाली, स्वस्त झाली, मुख्य म्हणजे कॅमेरा तुफान खपला. मिनोल्टानं त्यासाठी स्वतःचं जुनं माउंट सोडून दिलं होतं, ही गोष्ट मात्र पुढच्या भांडणात सगळे सोयीस्कर विसरतात.

निकॉननं १९८६ च्या एफ-५०१ मध्ये हाच स्क्रू उचलला, पण १९५९ चं माउंट तसंच ठेवून. कॅनननं १९८७ मध्ये बरोब्बर उलटं केलं. ईओएस ६५० बरोबर ईएफ नावाचं कोरं माउंट आणलं, ५४ मिलिमीटर रुंद, आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली. ऍपर्चरसुद्धा लेन्समधल्याच मोटरवर. बॉडी आणि लेन्समध्ये एकही यांत्रिक दांडी नाही, सगळं काम विजेच्या संपर्कांवर. कॅननच्याच आधीच्या एफडी माउंटच्या लेन्स नव्या बॉडीवर लागेनात, आणि एफडी माउंटची खोली, म्हणजे माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर, ४२ मिलिमीटर तर ईएफची ४४, म्हणून मध्ये काच नसलेला साधा ऍडॉप्टर लावला तर दूरवरचा फोकसच मिळत नाही. वर्षानुवर्षं लेन्स जमवलेल्या लोकांचा संताप झाला, आणि तो रास्तच होता.

कोण बरोबर यावर लोक अजून भांडतात. निकॉनचं म्हणणं, गिऱ्हाइकानं घेतलेली लेन्स फुकट जाऊ देणार नाही. कॅननचं म्हणणं, एकदाच काय ते दुखेल, पण पुढची कित्येक वर्षं मोकळी. रुंद माउंटमुळे कॅननला १९८९ मध्येच एफ १.० ची ऑटोफोकस ५० एमएम काढता आली, निकॉनला एफ माउंटवर ऑटोफोकसमध्ये एफ १.२ सुद्धा कधी जमली नाही. पण हौशी माणूस एफ १.० घेणार आहे का? त्याला एफ १.८ परवडली तरी खूप. तेव्हा त्या काळात सामान्य माणसाचं नुकसान निकॉननं कमी केलं असं माझं मत आहे. ते नुकसान नंतर व्हायचं होतं, ते पुढे येईलच.

कारण स्क्रूला मर्यादा होत्या. मोठ्या टेलिफोटोतल्या जड काचा बॉडीतली बारकी मोटर हळू फिरवायची, आवाजही यायचा. मग १९९२ मध्ये निकॉननं महागड्या टेलिफोटोंसाठी मोटर लेन्समध्ये घातली, १९९६ पासून त्याचंच सुधारलेलं रूप एएफ-एस या नावानं आलं. म्हणजे एकाच माउंटवर दोन पद्धती शेजारीशेजारी नांदायला लागल्या. स्क्रूवर चालणाऱ्या एएफ आणि एएफ-डी लेन्स एका बाजूला, मोटरवाल्या एएफ-एस दुसऱ्या बाजूला. बॉडीत मोटर आहे तोवर कुणाला फरक पडत नव्हता.

डिजिटल आलं ते आधी व्यावसायिकांकडे. १९९१ चा कोडॅक डीसीएस म्हणजे निकॉन एफ३ ची बॉडी, १.३ मेगापिक्सेल आणि खांद्याला लटकवायची २०० एमबीची हार्ड डिस्क. १९९९ चा निकॉन डी१ हा २.७ मेगापिक्सेलचा. हौशी लोकांसाठी खरं दार उघडलं २००३ मध्ये, कॅनन ३००डी हजार डॉलरच्या आत आला तेव्हा. ६.३ मेगापिक्सेल, प्लास्टिकची चंदेरी बॉडी, मेनूतल्या काही सोयी मुद्दाम झाकलेल्या, तरी लोकांनी उड्या मारल्या. पुढच्याच वर्षी निकॉन डी७० आला.

या सगळ्यांचे सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, कारण मोठा सेन्सर बनवायचा खर्च भयंकर. त्यामुळे चित्राच्या कडा छाटल्या जातात, त्याला क्रॉप म्हणतात, निकॉनमध्ये दीडपट, कॅननमध्ये १.६. त्याचा व्यवहारातला परिणाम एवढाच की जुनी २८ एमएमची वाइड ४२ सारखी दिसायला लागली आणि ५० एमएम ७५-८० सारखी. वाइड हवी तर नवीनच लेन्स काढावी लागणार, त्यातून १८-५५ ची, बॉडीबरोबरच मिळणारी किट लेन्स आली. एफ ३.५-५.६, हलकी, स्वस्त, उजेडात ठीकठाक. सुरुवातीच्या कॅनन १८-५५ ला लोकांनी फार शिव्या दिल्या, २००७ मध्ये हात हलल्यावर सावरणारी आयएसवाली आली तेव्हा कुठे तोंडं बंद झाली. क्रॉप फॅक्टरवर लोक रात्र रात्र वाद घालतात, पण विकत घेताना त्यानं फारसं काही बिघडत नाही.

बिघडतं ते पुढच्या गोष्टीनं. नोव्हेंबर २००६ मध्ये निकॉननं डी४० जाहीर केला. छोटा, गोंडस, हातात घेतला की आवडणारा कॅमेरा. ६ मेगापिक्सेल, फोकसचे तीनच पॉइंट, आणि बॉडीतली मोटर काढून टाकलेली! आधीच्या वर्षीच्या स्वस्त डी५० मध्ये ती होती. काढल्यामुळे बॉडी लहान नि हलकी झाली, पैसे वाचले, किट लेन्स एएफ-एस असल्यामुळे डब्यातून काढून फोटो काढणाऱ्याला काही कळलंही नाही. कळलं ते दुसरी लेन्स घ्यायची वेळ आली तेव्हा.

तेव्हाची निकॉनची सगळ्यात स्वस्त आणि चांगली लेन्स होती ५० एमएम एफ १.८ डी. स्क्रूवाली. डी४० वर ती लागते, उजेड मोजणारं मीटरही चालतं, फक्त फोकस हातानं करायचा. हातानं म्हणायला सोपं आहे, पण त्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर आरशांचा आणि लहानसा, एफ १.८ ला फोकसची खोली दोन बोटांएवढी, आणि मदतीला कोपऱ्यात एक हिरवा ठिपका. लहान मूल पळत असताना तो ठिपका बघत बसायचं म्हणजे झालंच. स्वस्त टेलीचंही तेच. ७०-३०० नावाची एक अगदी स्वस्त लेन्स बिनमोटरची आणि दुसरी बरीच महाग एएफ-एस व्हीआर (व्हीआर म्हणजे निकॉनची हात सावरणारी सोय), अंक तेच, नावं जवळपास सारखी, त्यामुळे अनेकांनी पहिली घेतली आणि मग डोक्याला हात लावला. टॅमरॉनच्या १७-५० एफ २.८ चंही असंच, निकॉनसाठीची सुरुवातीची आवृत्ती स्क्रूवाली, २००८ मध्ये मोटरवाली आली, बाहेरून पटकन ओळखू येत नाही.

बरं, स्वस्त एएफ-एस प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, आणायची तर लगेच आणावी ना? डीएक्ससाठीची (निकॉनच्या लहान सेन्सरसाठीची) ३५ एमएम एफ १.८ जी यायला २००९ उजाडलं. ५० एमएम एफ १.८ जी तर २०११ मध्ये आली. डी४० आल्यापासून ती ३५ येईपर्यंतच्या दोन-सव्वादोन वर्षांत डी४०, डी४०एक्स, डी६० घेतलेल्यांना निकॉनची स्वस्त आणि आपोआप फोकस होणारी एकही प्राइम नव्हती. सिग्माची ३० एफ १.४ होती, पण ती काही स्वस्त नव्हे. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी त्यानं बॉडी स्वस्त घेतली, आणि त्याच्याच हातून स्वस्त लेन्सचं अख्खं कपाट काढून घेतलं. ज्यानं डी८० किंवा डी९० ला जास्त पैसे मोजले त्याला ते कपाट खुलं. १९८६ मध्ये ज्या माउंटनं जुन्या गिऱ्हाइकाला सांभाळलं त्याच माउंटवर नव्या गिऱ्हाइकाचं असं झालं.

बचाव करणारे म्हणतात, किट लेन्सच्या पुढे दुसरी लेन्स घेतच नाहीत बहुतेक लोक, मग मोटरचं वजन आणि पैसे त्यांच्या माथी का मारायचे. व्यापार म्हणून हे पटण्यासारखं आहे आणि डी४० खपलाही भरपूर. आणि एक गंमत म्हणजे मोटरबरोबर जुन्या ऍपर्चर रिंगसाठीची माउंटच्या कडेची एक टॅबही गेली, त्यामुळे १९७७ च्या आधीच्या अगदी जुन्या लेन्स, ज्या महागड्या बॉडींवर लावल्या तर टॅब मोडायची भीती, त्या डी४० वर बिनधास्त बसतात. मीटर नाही, ऑटोफोकस नाही, पण बसतात. असो. ते धोरण मग कायम राहिलं, डी३००० आणि डी५००० च्या रांगेतल्या शेवटच्या कॅमेऱ्यापर्यंत कशातच मोटर नाही. डी७००० च्या रांगेत आणि फुल फ्रेममध्ये, म्हणजे फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या बॉडींमध्ये, आहे.

कॅननवाले हे सगळं बाजूला बसून बघत होते. त्यांच्याकडे १९९० ची ५० एमएम एफ १.८ दोन नंबरची, माउंटसुद्धा प्लास्टिकचं, वजन १३० ग्रॅम, फोकस करताना कुरकुरणारी, पण सगळ्यात स्वस्त कॅनन बॉडीवरही आपोआप फोकस होणारी. किट लेन्सच्या ५.६ पेक्षा जवळपास दहापट उजेड. घरात, संध्याकाळी, फ्लॅशशिवाय फोटो निघतात हे कित्येक हौशी लोकांनी पहिल्यांदा बघितलं ते या खेळण्यासारख्या लेन्समधून. २०१५ मध्ये तिची एसटीएम (वेगळ्या मोटरची) सुधारित आवृत्ती आली, धातूचं माउंट, आवाज कमी. कॅननची स्वतःची कुरापत वेगळीच, क्रॉपसाठीच्या ईएफ-एस लेन्स त्यांच्याच फुल फ्रेमवर लागत नाहीत, आणि ३००डी च्या आधी आलेल्या १०डी वरही नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर निदान क्रॉप होऊन चालतात.

मिनोल्टाचा वारसा २००६ मध्ये सोनीकडे गेला, आणि त्यांनी मोटर बॉडीतच ठेवली, वर हात हलल्यावर सावरणारी यंत्रणाही सेन्सरलाच जोडलेली राहिली. पेंटॅक्सचंही तसंच. त्यामुळे १९८५ ची ७०-२१० एफ ४, लोक जिला लाडानं बीअरकॅन म्हणतात, ती सोनी ए१०० वर लावली की फोकसही होते आणि फोटो स्थिरही येतो. पेंटॅक्सनं तर डीए ३५ एफ २.४ आणि डीए ५० एफ १.८ अशा स्क्रूवाल्या स्वस्त प्राइम २०१० पासून नव्यानं काढल्या. जुन्या लेन्स जमवायची हौस असणाऱ्याला या दोन कंपन्या खरं तर जास्त सोयीच्या होत्या, पण दुकानात समोर असायचे ते बाकीचे दोघे.

२०१६ मध्ये निकॉननं एएफ-पी लेन्स आणल्या, वेगळ्या प्रकारची मोटर, आवाज जवळजवळ नाही, १८-५५ आणि ७०-३०० दोन्ही स्वस्तात. आणि या वेळी उलटा फटका बसला. डी९० सारख्या, मोटर असलेल्या जुन्या बॉडीवर या लेन्स फोकसच होत नाहीत, हातानंसुद्धा नाही, कारण रिंगही विजेवर चालते. जुनी बॉडी नि नवी किट लेन्स वेगवेगळ्या ठिकाणाहून सेकंडहँड घेणारे यात अजूनही अडकतात.

२०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही फुल फ्रेम मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे आणले आणि १९८७ चा हिशोब पुन्हा निघाला. कॅननच्या ऍडॉप्टरला फक्त तारा जोडायच्या होत्या, त्यामुळे १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स ऑटोफोकससकट चालतात, ती कुरकुरणारी पन्नाससुद्धा. निकॉनच्या एफटीझेड ऍडॉप्टरमध्ये स्क्रूची मोटर नाही, म्हणजे एएफ-डी लेन्स तिथेही हातानंच. सोनीनं जुन्या लेन्ससाठी ऍडॉप्टरच्या आतच मोटर बसवली, २०२० चा नवा ऍडॉप्टर मात्र स्क्रूवाल्या लेन्स निवडक बॉडींवरच फोकस करतो, आणि पुढच्याच वर्षी जुन्या माउंटच्या बॉडी विक्रीतून गेल्या.

कॅनन आणि निकॉनचे नवे डीएसएलआर २०२० नंतर आलेले नाहीत, त्यामुळे आता हौशी माणसाचा बाजार म्हणजे मुख्यतः सेकंडहँड. तिथे चित्र पुन्हा पालटलंय. एएफ-डी लेन्स स्वस्त झाल्यात कारण मिररलेसवाल्यांना त्या नको आहेत, आणि त्या पूर्ण वापरू शकणाऱ्या डी७०००, डी७१००, डी७२०० याही बॉडी आता आवाक्यात आल्यात. जोडी जमली तर पैशाच्या मानानं एवढं दुसरीकडे क्वचित मिळेल. घेताना निकॉनचं झाकण काढून माउंटच्या कडेला ते स्क्रूचं टोक आहे का बघायचं. नसेल तर लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी पाहिजे, दुसऱ्या कंपनीची असेल तर आत मोटर आहे का ते विचारून, लावून, अर्धं शटर दाबून बघायचं. आणि एएफ-पी असेल तर बॉडीच्या माहितीपत्रकात तिचं नाव असल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. कॅननमध्ये लेन्सच्या कडेला फक्त लाल ठिपका (ईएफ) की पांढरा चौकोन (ईएफ-एस) एवढंच बघितलं की पुरतं.